वीतभर भरती

आमच्या तोर्सहावनला समुद्र
जेमतेम वीतभर चढतो,
आणि मी सांभाळत बसते
साऱ्या जगाच्या भरती-ओहोटीचा प्रोग्राम.
कुणीही घ्यावा, वापरावा, पैसे नाहीत.

सहाशे बारा बंदरं. माणसं तीन.
त्यातला होग्नी ट्रॉलरवर, ईस्टरपर्यंत पत्ता नाही.
सामलला जानेवारीत मुलगी झाली;
त्याने शेवटचा कोड पाठवला
त्यात एक कंस उघडाच राहिला होता.
मी तो मिटला, काही बोलले नाही.
उरले मी. दिवसा फेरीबोटीची तिकिटं फाडते.

हॅम्बुर्गहून पत्र:
शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा,
आमची चाळीस जहाजं तुमच्यावर अवलंबून आहेत.
चाळीस जहाजं!
माझ्याकडे एक सायकल आहे,
तिचीही साखळी पडते.

आधी मी 'बघते' म्हणायची.
'नाही'पेक्षा वाईट शब्द.
त्या 'बघते'वर माणूस सामान घेऊन
धक्क्यावर उभा राहतो,
आणि बोट केव्हाच रद्द झालेली.
नोकरीत मी असं करत नाही.
वारा वाढला की पाटी लावते: आज फेरी नाही.
लोक शिव्या घालतात, मग घरी जाऊन जेवतात.

तशीच पाटी लिहिली एका रात्री, पहिल्याच पानावर:
रविवारी दुपारी तीन तास. तेवढेच.
नवीन बंदरं घेत नाही.
घाई तुमची, तास आमचे.
(ही ओळ दोनदा खोडली. मग राहू दिली.)

हॅम्बुर्ग गप्प झालं.
कुणीतरी विचारलं, फुकट देता म्हणून एवढा तोरा?
त्याला उत्तर लिहिण्यात
माझा अख्खा रविवार गेला,
आणि ते मी पाठवलं नाही.

मग चिलीहून, चिलोए बेटावरून, कुणी ओर्फेलिना:
पाटी वाचली. आमचं बंदर तुमच्या यादीत नाही.
धक्क्याच्या खांबावर हात-हात अंतराने
रंगाच्या खुणा केल्यात.
आकडे मी लिहीन, तुम्ही फक्त तपासा.

महिन्याने आले. शाळेच्या वहीचे फोटो,
निळी शाई, एका पानावर माशाचा खवला चिकटलेला.
अर्ध्यापासून पुढचे सगळे
एका तासाने चुकलेले:
तिकडे एप्रिलमध्ये घड्याळं मागे घेतात,
तिने घेतली नव्हती. समुद्राला कुठे असतं घड्याळ, म्हणाली.

आज रविवार. तीन तास केव्हाच संपले.
एकेक ओळ तासभर सरकवते आहे.
तिच्याकडे पाणी तीन पुरुष चढतं.