उर्मासचं पान

दोनशे बारा पानं छापून
हेल्वेने फरशीवर पसरलीत.
तार्तूत जानेवारी, चारलाच अंधार,
खालच्या बेकरीतून राईच्या पावाचा वास.

मधाच्या पेट्यांचं वजन टिपणारं हे सॉफ्टवेअर, फुकट,
बाराजणांनी लिहिलेलं,
आणि ज्याने त्याने आपलं पान सोडलंय
लग्नघराच्या दारात चपला सोडाव्यात तसं.

इन्स्टॉल कसं करायचं ते तीनदा, तीन तऱ्हांनी.
बंद कसं करायचं, कुणीच नाही.
‘हे तर सोपं आहे’
ती खोडत जाते, एकोणीस ठिकाणी.
वाचणाऱ्याचे हात मेणाने चिकट असणार,
आकडा शून्यावर अडलेला,
त्याला मेनूचा क्रम काय करायचाय?

मग उर्मासचं पान.
‘एवढं करूनही शून्यच, तर फोन करा.
मी रात्री जागा असतो.’
खाली नंबर.
उर्मासला जाऊन दोन हिवाळे झाले.

हे कुठल्या प्रकरणात घालायचं?
ती उकिडवीच बसून राहते, पाय बधिर होईतो.
रात्री नंबर लावते,
खोडण्याआधी खात्री म्हणून.

‘काटा कुठला?’
बाईचा आवाज, जराही झोपेतला नाही.
‘हिरवा दिवा लुकलुकतोय? मग वायर उलटी लावलीत.
सगळेच लावतात. बाबा वैतागायचे.’

हेल्वे पेन्सिल शोधते.
‘अडचणी’, पहिली ओळ : वायर.
नंबर राहू दे का, विचारते.
राहू दे.

एस्टोनियनमध्ये ‘जागा’ आणि ‘जागी’ एकच.
ते वाक्य बदलावं लागत नाही.