काळी चार

गणपती झाले की मी भांडुपला जातो,
टेंभीपाड्याच्या शाळेत, तिसऱ्या मजल्यावर.
दोन पेट्या, एक डग्गा,
आणि एक तंबोरा, ज्याच्या भोपळ्याला
साटीनचा निळा पट्टा गुंडाळलेला.
पट्ट्यावर सोनेरी अक्षरं होती कधी.
आता वाचता येतं फक्त "स महारा".
रिक्षात धक्के बसतात हो, भोईर बाई म्हणतात,
घरात दुसरं एवढं लांब काही नव्हतं.

मी त्यांना ओळखलं नव्हतं.
ओळखलं लालबागच्या आमच्या न्हाव्याने.
सहज नाव निघालं, तर वस्तरा हवेतच थांबवून म्हणाला,
निरुपमा भोईर? चौऱ्याण्णवची?
त्याच्या आरशाशेजारी सहा वर्षं होती ती,
साप्ताहिकाचं मुखपृष्ठ, हनुवटीवर पावडरची बोटं.
मग तिथे एक क्रिकेटवाला आला.

पुढच्या खेपेला मी नीट बघितलं.
चेहरा तोच.
फक्त तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत,
आता तो बघतो.
शेवटच्या बाकावरची अल्फिया ओठ हलवतेय, गात नाहीये,
हे त्याला पाठमोऱ्यानेही कळतं.

माझं काम साधं आहे.
सूर चढवायचा तर पितळेची पट्टी टोकाशी घासायची,
उतरवायचा तर मुळाशी.
भर घालता येत नाही, घासताच येतं फक्त.
हे मी बाईंना एकदा बोललो.
त्या हजेरी भरत होत्या. हं, म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने, पेन थांबवून:
मला मुळाशी घासलं.

त्या रात्री परीक्षकांनी विचारलं होतं,
मुकुट मिळाला तर काय कराल?
मुलांना शिकवीन, त्या म्हणाल्या.
सगळ्याच म्हणायच्या तसं. पाठ करून घेतलेलं उत्तर होतं ते,
कुठे थांबायचं, कुठे हसायचं, सगळं ठरलेलं.
टाळ्या पडल्या.
मध्ये साबणाच्या दोन जाहिराती, एक सिनेमा जो डब्यातच राहिला,
एक लग्न, ज्याबद्दल त्या बोलत नाहीत.
मग तासाला दीडशे रुपयांवर हा वर्ग.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्या हसून म्हणाल्या,
आणि थांबायचं कुठे तेही कुणी सांगितलं नाही.

यंदा रोहिदासचा आवाज फुटलाय.
सातवीतला, प्रार्थना तोच उचलायचा, काळी चारमध्ये.
परवा वरचा सा लावताना असा चिरकला
की खालच्या मजल्यावरचा वर्गही हसला.
मी भात्याची चिकटपट्टी बदलत होतो, मान वर केली नाही.
बाई त्याच्याजवळ गेल्या नाहीत.
पायातली चप्पल काढली, आणि बाकांच्या मधून
एक पाय पूर्ण, एक पाय चवड्यावर, अशा चालून दाखवलं,
साडी आवरत, पन्नाशीच्या वयात.
टाच मोडली होती माझी, म्हणाल्या, पहिल्या फेरीत.
अशीच चालले अर्धा तास.
लोक म्हणाले, काय चाल आहे!
पोरं खदखदली. रोहिदासही.
मग पेटीवर त्यांनी काळी चार सोडली,
बोट खाली आणलं, एकेक पट्टी चाचपत,
पांढरी तीन, नाही. काळी एक, नाही रे.
पांढरी एक.
इथे बस, म्हणाल्या. सध्या इथे तुझं घर.

दुसऱ्या पेटीत काही खुळखुळत होतं.
उघडली. झुरळाचं अंडं, खडू,
आणि सुरांच्या फळीखाली काचेचा एक खडा,
पैलूदार, मागे चांदीचा मुलामा.
हां, बाई म्हणाल्या, गॅदरिंगला मुकुट दिला होता मी.
रावण झाला होता कुणीतरी.
बाकीचं कुठेय? मी विचारलं.
तोवर त्या दाराशी पोचल्या होत्या, आठवीची पोरं जिन्यात होती.
भाता आधी बघा, म्हणाल्या, साडेबाराला वर्ग आहे.
आणि बिल शाळेच्या नावाने नको,
मागचंही अजून अडकलंय.

खडा माझ्या डबीत आहे,
जुन्या पितळी सुरांमध्ये.
द्यायचा राहून गेला.
डबी हलवली की सगळे आवाज ओळखता येतात मला,
एक सोडून.