आवाज येत होता

दर गुरुवारी चार वाजता
मी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडतो.
वार्डोला डिसेंबरात चार म्हणजे रात्रच,
तशी ती सकाळपासूनच असते.
पडद्यावर मारित. ट्रोम्सोहून बोलते,
वयाने माझ्या धाकटीएवढी.
"टोर्लाइफ, कसा गेला आठवडा?"
मी सांगतो, वाऱ्याने शेडचा पत्रा उडाला.
कॉड बरा मिळतोय म्हणतात.
गुनवोरने माझे बूट ओव्हनमध्ये ठेवले होते,
सापडले वेळेवर.

"आणि तुम्ही?"

मी? मी काय, आहे.
चाळीस वर्षं बोटीवर काढली,
तिथे हे कुणी विचारत नसे.

आज मध्येच चित्र गोठलं.
तिचे डोळे अर्धवट मिटलेले, हात हवेत.
त्या थांबलेल्या चेहऱ्याला मी सांगून टाकलं
की गुनवोर मला आस्लाक म्हणते,
बुडालेल्या माझ्या भावाच्या नावाने,
आणि मी ओ देतो.
तो मेला तेव्हा ती माझ्याहून जास्त रडली होती,
त्याचा अर्थ आत्ता लागतोय, या वयात.
काल तिला अंघोळ घालताना
हात जरा जोरात लागला.
जरा नाही.
दंडावर निळं उमटलंय, चार बोटं.

लॅपटॉपचा पंखा घुरघुरला. मारितचा हात खाली आला.
"नेट गेलं होतं," मी म्हणालो, "विशेष काही नाही,
हवा खराब आहे."

"आवाज येत होता," ती म्हणाली.

तेवढ्यात आतून हाक आली: आस्लाक!
मी उठलो.
लॅपटॉप मात्र
मिटला नाही.