डावं पातं

एटनाच्या उतारावर माती अशी नाहीच.
थिजलेला काळा लाव्हा, आणि त्याला फटी.
फटींतून रानटी तेरेबिंतो वर येतो, कुणी न लावता.
त्याच्यावर आम्ही पिस्त्याचे डोळे भरतो,
जूनअखेरीस, पहाटे, ऊन चढायच्या आत.

बापाचा चाकू बोटभर पात्याचा.
एक अंग घासलेलं, दुसरं सपाट, हौदातल्या पाण्यासारखं.
पाठीला हाडाची जीभ, साल उचलायला.
सालीखाली लोखंड घालायचं नाही, म्हणायचा,
ती रुसते.

मी डावखुरी. तेव्हा नऊ वर्षांची.
माझ्या हातात तोच चाकू लाकडात बुडायचा,
काप लाटेसारखा यायचा,
डोळा आणि खुंट यांच्यात वारा शिरेल एवढी जागा.
"हात बदल, व्हेनेरा."
नाही बदलला.
अंगठ्यावरचे तीन पांढरे व्रण त्या उन्हाळ्याचे.

एकोणिसाव्या वर्षी कातानियाच्या बाजारात
आन्सेल्मो धारवाल्याने पेटीच्या तळातून काढला
उलट्या अंगाने घासलेला एक.
"बारा वर्षं पडून आहे. डावरे लोक विचारतच नाहीत.
त्यांना वाटतं, चूक हाताचीच."
लिंबांच्या हंगामाची निम्मी मजुरी गेली.
बापाने उलटसुलट करून बघितला. म्हणाला, महाग.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली.
तोंडाचा कोपरा, खांदा, हात.
बोटांतून चमचा निसटल्याचं
त्याला फरशीवरच्या आवाजाने कळतं.

यंदा जूनमध्ये गाढवावरून त्याला वर नेलं,
खुर्चीही नेली.
मी खुंटाची साल पुसत होते,
तर त्याने डावा हात पुढे केला. शब्द आता अर्धेच येतात.
माझा चाकू दिला.

काडी धरायला दुसरा हात लागतो. मी धरली.
काप लाटेसारखा आला.
डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळला त्याने, फेकला.
पुन्हा एक. पुन्हा.
"बघू नको," असं काहीतरी म्हणाला.
मी काडी घट्ट धरून
डोंगराच्या धुराकडे तोंड फिरवलं.

अकरा डोळे भरले त्याने.
ऊन केव्हाच चढलं होतं, वेळ टळली होती,
मी राफिया भिजवत राहिले, बांधत राहिले.

तीन आठवड्यांनी बघितलं. चार लागले.
बाकीचे काळे, खपलीसारखे.

त्याच्या जुन्या चाकूला दर रविवारी तेल लावते.
कुणासाठी, ते अजून ठरलेलं नाही.