उलट्या मनगटाचं चित्र

गुरुवारी साडेसातला, हॅलिफॅक्सच्या चॅपेलमागचा हॉल.
खुर्च्या भिंतीला सरकवायच्या,
मग ग्वेंडा ते पान चिकटवते बॅडमिंटनच्या खांबाला:
दोन माणसं, तंग विजारी, लांब तलवारी,
डावीकडच्याच्या हातांची कैची,
अंगठा भलतीकडेच.

खाली जुन्या जर्मनमधल्या दोन ओळी.
एक शब्द कधीतरी भिजलेला.
इम्तियाझ शाळेत जर्मन शिकवतो, तो म्हणतो ‘वाकडा’.
ग्वेंडा म्हणते ‘चटकन’.
सहा गुरुवार आम्ही वाकडा वार केला,
सहा गुरुवार चटकन.
दोन्ही वेळा पातं माझ्याच खांद्यावर.

मी दिवसभर हातांचे एक्स-रे काढते.
म्हटलं, मनगट एवढं वळत नाही,
वळलंच तर हा गडी उद्या माझ्याकडे येईल.
चित्रकाराला हात जमत नसतील.
ग्वेंडा (अठ्ठावीस वर्षं बस चालवलीय तिनं,
आरसा बघितल्याशिवाय वळत नाही)
म्हणाली, चुकला असेल.
पण आधी त्याच्यासारखं चुकून तर बघू.

अण्णा मोडी वाचायचे.
तिथं आधी रेघ ओढतात, पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
आणि अक्षरं तिला टांगत जातात, लेखणी न उचलता.
ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही.
एका कागदावर महिनाभर अडले होते:
सावकाराला दिला तो सुत, की दिलं ते सूत?
भिंग ठेवून देऊन
ते वाक्य नुसतं म्हणत राहिले,
दाढी करताना, जिना चढताना, दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबून.
एका रात्री म्हणाले, “सूत गं. नुसतं सूत.”
आणि दोन पोळ्या जास्त जेवले.

आज माझा उजवा पाय चुकला.
पुढे टाकायचा तो आडवा पडला,
अंग तिरकं झालं, कोपरं सुटली,
आणि मनगट त्या चित्रातल्यासारखं
आपसूक.
टोक इम्तियाझच्या हातमोज्यावर, अलगद.
तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.
“परत कर,” ग्वेंडा म्हणाली.

परत येईना.
पंधरा वेळा केलं. ऑर्मरॉड किल्ल्या वाजवत दारात उभे.
चित्रात पाय रंगवलेत गवताखाली.

शुक्रवारी पहिल्या आजोबांना म्हटलं,
हात इथं ठेवा. वळवा.
अजून थोडा.
“अजून?”
हो. दुखेल तिथं थांबा.