दिसत नाही

व्हेरोना. नोव्हेंबर. आदिजे नदीवर इतकं धुकं
की पुलावर पोचलो, हे पावलांच्या आवाजावरून कळतं.
तळघरातल्या माझ्या यंत्रात मात्र उणे वीस,
बाराही महिने.

वरून डबी येते.
शेंगदाण्याएवढा तुकडा, एका कडेला काळी शाई,
आणि झांपिएरीचं घाईचं अक्षर:
स्वादुपिंड, धमनीलगतची कड. चेतातंतू?
प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं.

माणूस कोण, याच्याशी मला काही कर्तव्य नाही.
पण कागदावर आहेच:
ओत्तोरीनो ब्रुनेल्ली, एकाहत्तर, द्राक्षमळा.
पाठदुखी, आठ महिने.
पुढे दुसऱ्याच कुणाच्या शाईत: छाटणीमुळे?

आठ महिने तो तेच म्हणत असणार.
बायकोने कापराचं तेल चोळलं असेल.
रात्री स्वयंपाकघरात, टेबलावर कपाळ टेकून,
पुढे वाकूनच काय ती झोप.
पाठीला सगळं आधी कळलं होतं.
आमच्या स्कॅनला, सप्टेंबरात.

मिरेल्ला पातं फिरवते.
कांद्याचा पापुद्रा जाड वाटावा
असं काहीतरी काचेवर उतरतं.
जांभळा रंग. पाणी. गुलाबी रंग.
फोन. "चार मिनिटं," मी म्हणते,
वर पोट उघडं आहे हे माहीत असून.

भिंगाखाली चेतातंतू लगेच ओळखू येतो:
फिकट, नुकत्या विंचरलेल्या केसांसारखा लाटालाटांचा.
आणि त्याच्या आवरणाच्या आत, त्याला धरून,
त्या पेशी.
वेलीची उपमा सुचते. मी ती गिळते.
एकाहत्तर वर्षं त्याने वेलींचंच केलंय.

"आहे," मी सांगते.
पलीकडे नुसती यंत्राची टिकटिक.
मग झांपिएरी: "आणखी घेतो."

दुसरी डबी. तांदळाचा दाणा.
चार तंतू. मोजते. पुन्हा मोजते.
तिसऱ्याच्या काठाशी एक फट.
गोठताना पडलेली, की कुणी आत शिरलेलं?
"मिरेल्ला, अजून खोल."
ती काही विचारत नाही, कापते.
फटच होती.

"नाही" हा शब्द मी फोनवर वापरत नाही.
म्हणते, "या कापात दिसत नाही."
त्याला फरक कळतो. तो टाके घालायला घेतो.

उरलेला दाणा आता मेणात जाईल.
मंगळवारी तो पुन्हा माझ्यापुढे येईल,
कुणालाच घाई नसताना.

कागद फाइलला लावताना
छाटणीपुढचं ते प्रश्नचिन्ह खोडावं म्हणून
पेन उचलते.
तसंच ठेवते.