लेंड्यांचा हिशेब

डॉक्टर नाझनीन तांबोळी म्हणाल्या,
उपाशी आणू नका हं. निघेपर्यंत खाऊ दे त्याला.
मी म्हटलं, ऑपरेशन आहे ना?
त्या म्हणाल्या, काका, सशाला ओकता येत नाही.
आणि पोट थांबलं, की ससा थांबतो.

ओकता येत नाही.
कोंढव्यापासून बिबवेवाडीच्या चढापर्यंत
रिक्षात हेच घोकत आलो.

मग आठ दिवस तयारी.
शालनच्या रव्याच्या काट्यावर परात, परातीत खारीक:
एक किलो सातशे ऐंशी, परात वजा जाता.
(खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर्सला होतो,
परात वजा करायला मी विसरणार नाही.)
सुकं गवत भरपूर, लसूणघास बेतानं.
भुसा काढून टाकला, जखमेला चिकटतो,
त्याऐवजी चादरींचे तुकडे, मऊ, धुऊन धुऊन विरलेले.
साय पलीकडच्या पिंजऱ्यात.
ऑपरेशननंतरही महिनाभर तिला लांबच ठेवा,
आत थोडं शिल्लक असतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

शिल्लक असतं म्हणे, शालन म्हणाली,
आणि माझ्याकडे बघून
पदराआड हसली.

साल सत्त्याऐंशी. दुसरी मुलगी झाल्यावर
औंधच्या सरकारी दवाखान्यात मी गेलो होतो, ती नाही.
सायकल चालवू नका म्हणाले, म्हणून
हातात धरून चालत आलो रेंजहिल्सच्या क्वार्टरपर्यंत.
आईला सांगितलं, पाय मुरगळलाय.
शिफ्टमधला खिलारे पुढची दोन वर्षं
मला बैल म्हणायचा, डबा खाताना, सगळ्यांदेखत.
मी हसायचो.
भाकरी मोडत हसायचो.

ऑपरेशनच्या दिवशी फॉर्मवर लिहिलं होतं: मालकाची सही.
मुक्ताचा ससा. ती गेली होस्टेलला,
जाताना आम्हाला विचारलं नाही.
आम्हीही त्याला विचारलं नाही.
केली सही.

चार वाजता टॉवेलात गुंडाळून हातात दिला.
कान गार.
डॉक्टर म्हणाल्या, दुखलं तरी हा दाखवणार नाही,
सशाची जातच तशी. लपवतो.
कोपऱ्यात पाठ वाकवून बसला,
दात करकरा वाजवले, तर मला रात्रीही फोन करा.
औषध सिरिंजनं, ओठाच्या बाजूनं, सावकाश.
जखम सकाळ-संध्याकाळ बघा, लाल, सुजलेली वगैरे.
आणि मुख्य म्हणजे लेंड्या मोजा.

तर मी मोजतोय.
जुनी लेजरची वही, दोन रकाने: वेळ, नग.
आठ वाजता: निरंक.
दहा: निरंक. कोथिंबिरीची काडी हुंगली, सोडली.
बारा: निरंक. पेंड भिजवून सिरिंजनं दोनदा भरवली,
अर्धी माझ्या बाहीवर.
दीड वाजता वरच्या मजल्यावरच्या ढमढेऱ्यांचा मुलगा
गाडी लावून शिट्टी वाजवत जिना चढला,
आणि मला त्याचा इतका राग आला
की माझं मलाच नवल वाटलं.
पलीकडे साय जाळीला नाक लावून.
ह्याचं पोट कधी फुगतंय कधी बसतंय, नक्की कळत नाही,
मी हात ठेवून बसलोय
एका एवढ्याशा इंजिनावर.

तीन चाळीस.
चादरीवर एक, मसुराएवढी.
चष्मा लावून पाहिली. मसुराएवढीच.
मग दोन. मग थेट सात.
खाटेवरून आवाज आला, झाली का?
सात, मी म्हटलं.
लिहून ठेवा, शालन म्हणाली. म्हणजे जागीच होती.

थोड्या वेळानं काडी मोडल्याचा आवाज.
कुरकुर, बारीक, सलग. खातोय.
आम्ही दोघं अंधारात ऐकत राहिलो, बटाट्याच्या चाळीवर
कोणी पाय देतंय असं.

अहो,
तेव्हा तुम्हाला दुखलं होतं का हो?

पेन हातात होतं.
हो, मी म्हटलं. बरंच.

मग आठवी पडली.